उंबऱ्याबाहेर उतरवलेला फेटा

माझ्या अपघातातून एकच वस्तू धडधाकट वाचली, ती म्हणजे माझं हेल्मेट. गाडीचं हँडल वाकलं, टाकी चेपली, माझ्या कवटीला तडा गेला, उजवा हात कोपरात मोडला आणि डाव्या पायातली कोल्हापुरी चप्पल तर कधी सापडलीच नाही. हेल्मेट मात्र दुकानातून आणलं तसंच्या तसं राहिलं, कारण ते आरशाला लटकत होतं.

मी फेटे बांधणारा माणूस. लिहिण्याचा आणि माझा संबंध लग्नाच्या तारखा टिपण्यापुरता. पण हल्ली कोणी गाडीवरून पडलं की त्याच्या घरचे माझ्याकडे येतात. माणूस चिडचिड करतो, जेवण ढकलून देतो, हात परत चालेल का म्हणून सारखं विचारतो, त्याला काय सांगायचं, असं विचारतात. डॉक्टरांना विचारायचं ते डॉक्टरांना विचारावं. बाकीचं मला जे आठवतं ते इथे लिहितो.

बापाचा नियम

पोलीस ॲक्शन झाल्यावर माझे वडील सिल्लोडकडचं गाव सोडून शहरात आले. औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत खोली घेतली. सायकलच्या कॅरियरला फेट्यांचं गाठोडं बांधायचं आणि लग्नघर गाठायचं, हा त्यांचा धंदा. मी पुढच्या दांडीवर बसायचो. तेव्हा शहर एवढंसं होतं. गुलमंडीतून निघालं की थोड्या वेळात दोन्ही बाजूंना शेतं लागायची, आणि समोरून एखादी मोटार आली तर वडील सायकलवरून उतरून तिच्याकडे बघत उभे राहायचे.

लग्नाच्या आदल्या दिवशी आई कापडाला खळ द्यायची. मी आणि वडील ओलं कापड दोन टोकांना धरून ताणायचो आणि ते वाऱ्यावर हलवत वाळवायचो. त्या खळीचा उबट, भातासारखा वास म्हणजे माझं सगळं लहानपण. अपघातानंतर माझं नाक गेलं ते पूर्ण परत आलंच नाही. डिझेलचा, कांद्याचा वास येतो. खळीचा येत नाही. आता तो फक्त आठवायचा.

वडिलांचा एक नियम होता. बांधलेला फेटा घरी जाऊन, उंबऱ्याच्या आतच उतरवायचा. रस्त्यात, मांडवात, चार लोकांत उतरवला तर ती बांधणाऱ्याची आणि घालणाऱ्याची, दोघांची बेअब्रू. दुसऱ्याच्या डोक्यावरचा फेटा काढणं म्हणजे तर त्याचं नाक कापणं. आमच्या भागात हे कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणून लग्नाहून परतणारा माणूस बैलगाडीत असो नाहीतर मोटरसायकलवर, फेट्यासकट घरी जातो. बैलगाडी होती तोवर ठीक होतं.

रोडवाला

रफिकभाई माझ्याहून थोडे मोठे. त्यांचं कापडाचं दुकान, फेट्याचं कापड मी त्यांच्याकडूनच घेतो. लग्नसराईत ते नमुने घेऊन खेडोपाडी फिरायचे, मी बांधायला जायचो, त्यामुळे आम्ही बरेचदा दोन गाड्यांवर जोडीनं निघायचो.

त्यांचा अवतार बघण्यासारखा असायचा. जुन्या बाजारातून आणलेलं जाड जाकीट, कोपराला आणि गुडघ्याला ढापणांसारखे पॅड, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, तोंड झाकणारं हेल्मेट. आणि या सगळ्यावर रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात ते नारिंगी, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. वैशाखातसुद्धा. चहाला थांबलं की टपरीवरचं पोरगं विचारायचं, "चाचा, डांबर कुठंवर आलं?" आम्ही सगळे त्यांना रोडवालाच म्हणायचो.

"रफिकभाई, आतून शिजला असाल ना?" मी म्हणायचो.

"शिजतो की. मैं डरपोक आदमी हूँ मियाँ. मेरेकू घर पोंचना रहता."

मी हसायचो. मी डोक्यावर वडिलांचा केशरी फेटा घालून फिरायचो. फेटे बांधणाऱ्यानंच फेटा घातला नाही तर लोकांनी काय बघून बोलवायचं? आणि केशरी रंग कोसावरून दिसतो, मला तुमच्या त्या जाकिटाची काय गरज, असं मी त्यांना ऐकवायचो. पोलीस दिसला तर दाखवायला म्हणून हेल्मेट आरशाला असायचंच.

देवगाव रंगारीहून येताना

देवगाव रंगारीला लग्न होतं. दुपारभर हात दुखेपर्यंत फेटे बांधले, पंगतीत जेवलो आणि ऊन उतरल्यावर निघालो. मी पुढे, रफिकभाई मागे. डाव्या बाजूला वाळत घातलेला मका, आरशातून मावळतीचा सूर्य डोळ्यांवर. इथपर्यंत मला आठवतं.

पुढचं सगळं मी रफिकभाईंकडून ऐकलं. मक्याची पोती भरलेली एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर, उभी होती. मागे ना दिवा, ना चमकती पट्टी. डोळ्यांवरच्या उन्हात मला ती दिसलीच नाही. अगदी जवळ गेल्यावर मी गाडी झटक्यात बाजूला कापली आणि घसरलो. मी रस्त्याच्या मधोमध आडवा, आणि मागून एक ट्रक भरधाव येत होता. रफिकभाईंनी गाडी टाकली, माझ्या पुढ्यात रस्त्यावर उभे राहिले आणि दोन्ही हात हलवत राहिले. ट्रकवाल्यानं लांबून ते नारिंगी जाकीट बघितलं आणि ब्रेक दाबले. उतरल्यावर तो रफिकभाईंना म्हणाला, "मला वाटलं, रस्त्याचं काम चालू हाय."

म्हणजे मी ज्याला वर्षानुवर्षं हसलो त्या जाकिटानं मला वाचवलं, आणि ते माझ्या अंगावर नव्हतंच.

दवाखाना

शुद्धीवर आलो तेव्हा सुनंदा, माझी बायको, उशाशी होती. तिचे डोळे सुजलेले. मी पहिला प्रश्न विचारला म्हणे, "बापाचा फेटा कुठंय?" ती उठून बाहेरच गेली. नंतर कितीतरी दिवस तिनं मला ते ऐकवलं, "मी कशी आहे ते नाय विचारलं. फेटा विचारला."

डोक्यात थोडं रक्त साकळलं होतं, ते आपोआप जिरतंय का हे बघत डॉक्टर थांबले होते. तोवर मला नीट झोपू द्यायचे नाहीत. सिस्टर येऊन डोळ्यांत बॅटरी मारायची, नाव विचारायची, गाव विचारायची. पहाटे झाडूवाली फिनेल मारून जायची, मग डबेवाल्यांची गडबड, मग राऊंड. राऊंडच्या आधी सगळा वॉर्ड शाळा तपासायला साहेब येणार असल्यासारखा गप्प व्हायचा. शेजारच्या खाटेवर सिल्लोडचे एक आजोबा होते, त्यांचा मुलगा मला रोज त्यांच्यातली अर्धी भाकरी द्यायचा. मला तिचा वास येत नव्हता, तरी ती गोड लागायची. अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

डोकं सुधारलं. मग एका सकाळी डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताची बोटं एकेक करून धरली. "इथं कळतंय? इथं?" करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं नव्हतंच. त्यांनी माझ्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात एक कागद धरायला लावला आणि अलगद ओढला. कागद निघून गेला.

"कोपराशी नस दुखावली आहे. येईल ताकद. किती येईल ते आज सांगता येणार नाही. काय काम करता?"

मी सांगितलं. फेट्याच्या निऱ्या त्याच चिमटीत धरतात. खाटेच्या पायाशी रफिकभाईंनी आणून ठेवलेलं माझं हेल्मेट लटकत होतं, चकचकीत. मी सुनंदाला म्हणालो, ते तेवढं इथून हलव. त्या दिवशी मी लहान मुलासारखा रडलो आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

बघायला येणारी माणसं मात्र एकच बोलायची. "बापाच्या फेट्यानं तारलं तुला. एवढं कापड होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं." मलाही ते पटलं होतं. नव्हे, तेवढ्याच एका गोष्टीवर मी दिवस काढत होतो. हात गेला तर गेला, पण वडिलांनी जाताना हातात दिलेला फेटा शेवटी आपल्यासाठी धावून आला, असं वाटायचं. रफिकभाई समोर बसून ऐकायचे आणि बिस्किटाचा पुडा फोडायचे. "फेटा मेरे पास है, धुवायला टाकलाय," एवढंच म्हणायचे.

स्टुलावरचं हेल्मेट

आता आम्ही राहतो त्या पुंडलिकनगरातल्या घरी आलो आणि खरं आजारपण सुरू झालं. दवाखान्यात निदान सगळेच आजारी असतात. घरी मी एकटाच होतो.

लग्नसराई तोंडावर आलेली. कबूल केलेली लग्नं होती. सुनंदा एके दिवशी म्हणाली, "मी बांधते. तुम्ही नुसतं सांगा." मी भडकलो. बाईमाणसानं पुरुषाच्या डोक्याला फेटा बांधायचा? वडील असते तर काय म्हणाले असते? ती म्हणाली, "ते असते तर आधी तुम्हाला विचारलं असतं, हेल्मेट आरशाला काय दिसायला लावलं व्हतं?"

शिकायला डोकं पाहिजे होतं. माझ्या डोक्याला टाके. मग तिनं ते हेल्मेट काढलं, स्टुलावर ठेवलं आणि त्यालाच फेटा बांधायला लागली. मी भिंतीला टेकून सांगायचो, "ओढ. अजून ओढ. तुरा उजवीकडं." पहिला फेटा एवढा मोठा झाला की ती स्वतःच हसत सुटली. "हा कुणाला बसायचा? रावणाला?" अपघातानंतर त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

ती दोन-चार लग्नांना जाऊन आली. लोकांनी तिचं कौतुक केलं, आणि खरं सांगतो, मला ते सहन झालं नाही. त्या संध्याकाळी मी ताट ढकललं. ती वरण पुसत बसली. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना सांगतो, तो तुमच्यावर चिडलेला नसतो, आपल्या हातावर चिडलेला असतो. पण वरण तुम्हालाच पुसावं लागतं, हेही खरं.

फिजिओच्या मॅडम तरुण होत्या. रबरी चेंडू दाबायचा मला कंटाळा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, चेंडू राहू द्या. तुमचंच काम करा." मग मीही त्या हेल्मेटला बांधायला लागलो. पेच, म्हणजे कापडाचे वेढे, ढिले पडायचे, निऱ्या सुटायच्या, सोडून परत बांधायचं. हेल्मेट गुळगुळीत, त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. आतला पहिला पेच एका विशिष्ट तऱ्हेनं घट्ट घेतला तर सगळा फेटा न सुटता अख्खा वर उचलता येतो. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बाजारात मिळणाऱ्या तयार फेट्यांना मी आयुष्यभर टोप्या म्हणून हिणवलं होतं.

बाभळीवरचा

पुढच्या हंगामात सिल्लोडचं एक लग्न मी स्वतः घेतलं. सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हातानं स्वतःला नवा फेटा बांधला; वडिलांचा अजून रफिकभाईंकडेच होता. थोडा ढिला होता, पण माझा होता. सुनंदानं लांबून बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. रफिकभाई जोडीनं यायला म्हणून दारात उभे होते. मी गाडीला किल्ली लावली आणि ते स्टुलावरचं हेल्मेट परत आरशाला अडकवलं.

"वसंता, सर पे डाल."

"फेटा आहे ना. एकदा तारलंय त्यानं."

रफिकभाईंनी त्यांची गाडी बंद केली. हातमोजे काढले. डिकीतून एक पिशवी काढली, मला आमच्या पायरीवर शेजारी बसवलं आणि ती माझ्या मांडीवर ठेवली. आत वडिलांचा केशरी फेटा होता. घडी घातलेला.

"उघड," ते म्हणाले. "खून दिसतंय का बघ."

मी उलगडला. एका टोकाला काट्यांनी फाटलेलं होतं. रक्ताचा एक डाग नाही.

"धुतला असंल तुम्ही."

"नाय धुतला. झूट बोललो होतो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू गाडी कापली ना, तब्बीच उडला तो. तू खाली पडायच्या आधी. बाद में देखा तो बाभळीवर लटकत होता. तुझं सर नुसतं रोडला लागलं रे. आवाज आला मेरेकू. अजून येतो."

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"कसा बोलू? डोळे उघडले अन् अब्बांचा फेटा मागितला तू. सगळे बोलायले, फेट्यानं वाचवलं, अन् तू हसायलास. मी म्हणलं, हसू दे. अब्बी तू परत तसाच निकला, तो काइकू चूप बैठूँ?"

मला त्यांचा भयंकर राग आला. वडील गेले त्या दिवशी वाटलं नव्हतं एवढं पोरकं त्या पायरीवर वाटलं. इतके महिने मी ज्या गोष्टीला धरून उभा होतो ती त्यांनी एका वाक्यात काढून घेतली. गल्लीतली माणसं येता-जाता बघत होती. शेवटी मी दोन्ही हात वर केले आणि डोक्यावरचा फेटा उतरवला. उंबऱ्याबाहेर, आयुष्यात पहिल्यांदा. सुनंदाच्या हातात दिला. हेल्मेट घातलं. पट्टा लावायला बोटं चालेनात, तो रफिकभाईंनी लावला.

नेहमी म्हणजे

तेव्हापासून हेल्मेट, जाकीट, हातमोजे, बूट आणि ते नारिंगी, सगळं घालतो. रोज? हो. कोपऱ्यावरून दूध आणायलाही? इथे आमच्या घरात वाद आहे. सुनंदा म्हणते, दुधाला जाताना जाकीट घालायला आपण काय लढाईला निघालोय. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात त्या जाकिटात जीव कासावीस होतो, हे मी नाकारत नाही. ज्याला परवडत नाही त्याला मी काय तोंडानं सांगू? एवढंच सांगतो की आधी डोकं, मग हात. माणूस पडताना हात पुढे करतो, आणि पोट हातांवर असतं. नारिंगी जाकीट तर सगळ्यात स्वस्त, आणि ते तुमच्या शेजारी पडलेल्या माणसाच्याही कामाला येतं. सुनंदाशी वाद घालून मी दुधाला चालत जातो.

इम्रानचं लग्न

रफिकभाईंच्या मुलाचं, इम्रानचं, लग्न बीड बायपासच्या एका हॉलमध्ये होतं. घरच्या सगळ्यांसाठी गाड्या ठरवलेल्या, पण नवऱ्याचे वडील मोटरसायकलवरून, नारिंगी जाकीट घालून आले. त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. त्यांनी हेल्मेट काढलं, माझ्यासमोर खुर्चीवर बसले आणि मान खाली घातली. "बांध. तेरेच हाथ से."

वडिलांचा केशरी फेटा मी सोबत नेला होता. फाटलेलं टोक सुनंदानं रफू केलं होतं. बोटं मध्येच अडायची. पहिल्यांदा निऱ्या सुटल्या, माणसं बघत होती, रफिकभाई मान न हलवता बसून राहिले. दुसऱ्यांदा जमलं. त्यांनी आरशात बघितलं आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला की मला माझ्या वडिलांसमोर बसणारे ते सगळे नवरदेव आठवले.

जेवणं झाली, सून घरी निघाली. बाहेर आलो तर रफिकभाई गाडीवर बसलेले. डोक्यावर केशरी फेटा, आणि हेल्मेट आरशाला.

"रफिकभाई."

"आज रहने दे रे वसंता. बेटे की शादी है. फेटा पहनके घर जाता. एक दिन से क्या होता?"

"माझाही एकच दिवस होता."

भोवती त्यांचे भाऊ, मेहुणे, व्याही उभे होते. मी पुढे झालो आणि दोन्ही हात त्यांच्या डोक्याकडे नेले. त्यांच्या मेहुण्यानं माझं मनगट धरलं, "ओ भाई, ये क्या करते?" दुसऱ्या कोणाच्याही लग्नात हे केलं असतं तर तिथेच भांडण पेटलं असतं. रफिकभाईंनी त्याचा हात बाजूला केला आणि मान खाली घातली, बांधून घेताना घातली होती तशी.

फेटा अख्खा उचलला गेला, स्टुलावरच्या हेल्मेटवरून उचलला जायचा तसा. एक पेच सुटला नाही. मी तो सुनंदाच्या हातात ठेवला. मग त्यांना हेल्मेट घातलं आणि पट्टा लावला. या वेळी माझ्या बोटांनी लावला.

सुनंदा फेटा मांडीवर धरून रिक्षात बसली. रफिकभाई पुढे, मी मागे, आमची दोन नारिंगी जाकिटं आणि पाठीमागे रिक्षा. त्यांच्या दारात सगळी मंडळी नव्या सुनेला घेऊन खोळंबली होती. त्यांनी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि घामेजलेलं डोकं माझ्यापुढे केलं. उंबऱ्याबाहेर मी त्यांच्या डोक्यावर फेटा ठेवला, आणि तो घालून ते आपल्या घरात गेले.